ई-रक्तकोष: डेंग्यूच्या साथीत कितपत कामाला येतं?

देशभरातल्या रक्तपेढ्यांचा साठा ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य दिसतो. राज्य, जिल्हा, रक्तगट आणि घटक निवडला की पेढ्यांची यादी येते. साथीत इथूनच सुरुवात करावी, पण वापरायची रीत नीट समजून घेऊनच.

सगळ्यात जास्त गडबड होते ती घटक निवडताना. डेंग्यूच्या रुग्णाला प्लेटलेट हव्या असतात आणि घाईत 'होल ब्लड' निवडलं जातं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आरडीपी आहे की एसडीपी, ते आधी वाचा. आरडीपी म्हणजे नेहमीच्या रक्तदानातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट. एसडीपी यंत्रावर एकाच दात्याकडून घेतात, आणि तिची एक पिशवी साधारण सहा आरडीपींच्या तोडीची असते.

मग 'शेवटचं अद्ययावत' हा रकाना बघा. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम ५ दिवस. त्यामुळे कालचा आकडा लाल पेशींसाठी चालेल, प्लेटलेटसाठी त्याच्यावर विसंबून निघू नका. आधी फोन करा. निघताना डॉक्टरांची सही असलेलं मागणीपत्र आणि पेढीने सांगितला असेल तर रुग्णाच्या रक्ताचा नमुना सोबत घ्या. यातलं काही राहिलं तर हेलपाटा ठरलेला. प्लेटलेट बर्फात ठेवून कधीही आणू नका. त्यांना २० ते २४ अंश तापमान लागतं, थंडीने त्या निकामी होतात.

यादीत एसडीपी शून्य दिसली तरी शोध थांबवू नका. ती बहुधा दाता आल्यावरच काढतात. 'यंत्र सुरू आहे का, दाता आणला तर किती वेळ लागेल?' असं पेढीला विचारा. दात्याच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात आणि मागच्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको. चाचण्या धरून अर्धा दिवस मोडतो, हे त्याला आधीच सांगावं.

या संकेतस्थळाची खरी उणीव म्हणजे पिशवी कधी बाद होणार हे यादीत कळत नाही. शिबिरांचा शोध मात्र उपयोगी आहे. गणेशोत्सव ऐन डेंग्यूच्या दिवसांत येतो. एकाच रविवारी दहा मंडळांनी रक्त गोळा केलं तर पुढच्या शनिवारपर्यंत त्यातली एकही प्लेटलेट उरत नाही. मंडळांनी तारीख ठरवण्याआधी जिल्ह्यातली नोंदलेली शिबिरं इथे पाहावीत आणि पेढीशी बोलून मधला मोकळा दिवस घ्यावा.