उघड्या फ्रेमचा जनरेटर घ्यावा की इन्व्हर्टर जनरेटर? किनारपट्टीवर, दुरुस्तीच्या अंगाने

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वेळी दहा वेळा दोरी ओढूनही जनरेटर उठला नाही, तर तो घरात असून नसल्यासारखा. दुकानात केव्हीए (म्हणजे किती भार पेलेल), आवाज आणि किंमत सांगतात. बिघडल्यावर तो कोण उघडेल आणि सुटा भाग कुठे मिळेल, हे कोणी सांगत नाही. कोकणात निवड त्यावरच करावी.

उघड्या फ्रेमच्या, म्हणजे कवच नसलेल्या, यंत्रात इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर बांधलेलं असतं. दोन ध्रुवांच्या रोटरमधून (वीज बनवणारा फिरता भाग) ५० हर्ट्झ काढायचे तर तेवढ्या फेऱ्या लागतातच, मग एक बल्ब लावा नाहीतर पंप. फेऱ्या गव्हर्नर नावाचा भाग सांभाळतो, व्होल्टेज एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिन चुंबकांचं चाक फिरवतं, त्या विजेची आधी डीसी होते आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिची पुन्हा २३० व्होल्टची एसी बनवतो. फेऱ्या आणि हर्ट्झ यांचा संबंध तुटल्यामुळे कमी भारावर इंजिन हळू चालतं. आवाज कमी, पेट्रोल कमी. इथवर इन्व्हर्टरवाला सरळ पुढे आहे.

पेट्रोलची बाजू

सुरू न होण्याचं पहिलं कारण दोन्हींत एकच: कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) राहिलेलं जुनं पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडच्या दमट हवेत हे लवकर होतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून सुटून खाली बसतो, आणि कार्बोरेटर पेट्रोल घेतो तो तळातूनच. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत पांढरी भुकटी दिसली तर ती धातूची गंज समजा. शंका असेल तर वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढा. तळाशी वेगळे थेंब लोळताना दिसले की टाकीसकट सगळं काढून टाकावं लागेल.

फरक पडतो तो तिथवर हात पोचण्यात. १६८एफ किंवा १७०एफ (इंजिनावर लिहिलेला मॉडेल नंबर) घडणीच्या उघड्या इंजिनावर एअर फिल्टर काढला की कार्बोरेटर दहाच्या पान्याच्या दोन नटांवर असतो. गॅस्केट आणि मधला काळा उष्णतारोधक ठोकळा कोणत्या क्रमाने आणि कोणत्या बाजूने बसला आहे याचा आधी फोटो काढून ठेवा. उलटा बसला तर हवा शिरते आणि इंजिन वरखाली होत राहतं, ज्याला मिस्त्री ‘हंटिंग’ म्हणतात. मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य बारीक भोक, वाटीवरच्या मधल्या खांबात असतो. कमी फेऱ्यांसाठीचा पायलट जेट वर, आयडलच्या प्लास्टिक स्क्रूखाली लपलेला असतो. तो न काढता नुसता मेन जेट फुंकणाऱ्याचं इंजिन चोक ओढला तरच चालतं. जेटमध्ये लोखंडी तार घालू नये, भोक मोठं होतं. गळाची बारीक तंगूस चालते. सफाईनेही हंटिंग जात नसेल तर या इंजिनांना नवा कार्बोरेटर घेणंच परवडतं. तो घेताना जुना सोबत न्या, कारण चोकचा दांडा आणि जेटचा आकार मॉडेलप्रमाणे बदलतो.

इन्व्हर्टर जनरेटरमध्ये हेच काम करायला आधी प्लास्टिकची कवचं उतरवावी लागतात. थ्रॉटलवर, म्हणजे फेऱ्या कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर, ती हलवणारी छोटी स्टेपर मोटर असते. तिची वायर ताणली किंवा प्लगमध्ये ओल गेली तर कार्बोरेटर स्वच्छ असूनही फेऱ्या हलतात. छोट्या मॉडेलांचे जेट अजून बारीक, म्हणून आधी तुंबतात. तासाभराचं काम आहे आणि सवय नसलेल्या हातून कवचाच्या क्लिपा हमखास तुटतात.

म्हणून दोन्हींसाठी नियम एक: महिनाभर लागणार नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपणहून थांबेपर्यंत चालवा, मग वाटी ड्रेन करा. टाकी पूर्ण रिकामी ठेवा. अर्धी ठेवली तर लोखंडी टाकीच्या वरच्या मोकळ्या भागात गंज धरतो आणि तोच पुढे फिल्टरमध्ये येतो. आपल्याकडे जनरेटर पावसात राबतो आणि दिवाळीनंतर झोपतो, तेव्हा हे काम नोव्हेंबरचं. मेच्या मध्याला ताजं पेट्रोल घालून इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड लावा आणि १५-२० मिनिटं भारावर चालवून बघा. बिनभाराने फुरफुरवलेलं इंजिन काही सिद्ध करत नाही.

ऑइलच्या बाबतीत फार घोळ नाही. १९६ सीसीच्या उघड्या इंजिनात साधारण ०.६ लिटर १०डब्ल्यू-३० बसतं. नवं यंत्र असेल तर पहिल्या २० तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं. लहान इन्व्हर्टर जनरेटरला ०.४ लिटरच्या आसपास, म्हणजे कमी झालं की ऑइल सेन्सर ठिणगी तोडून लगेच इंजिन बंद पाडतो. ‘ठिणगी येत नाही’ म्हणून कॉइल बदलण्याआधी ऑइलची पातळी बघा. उलट पातळी वाढलेली आणि ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळते आहे. तसं इंजिन चालवू नका.

वीज बनवणारी बाजू

कोकणातल्या माणसाचा निर्णय इथे ठरावा. उघड्या यंत्रात इंजिन मस्त चालतं आणि व्होल्टेज मात्र नाही, ही कायमची तक्रार आहे. चार-सहा महिने पडून राहिलं की रोटरचं उरलेलं चुंबकत्व क्षीण होतं, किंवा खाऱ्या हवेने स्लिप रिंगवर (रोटरवरच्या तांब्याच्या कड्या) काळा-हिरवा थर चढतो आणि त्यांवर घासून वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशचा संपर्क तुटतो. मागचं झाकण काढून ब्रश बघा. ५ मिमीच्या खाली घासले असतील तर बदला, रिंगा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या पुसा. तरीही वीज नसेल तर इंजिन बंद ठेवून एव्हीआरचा प्लग काढा आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस प्लसच्या ब्रशला, मायनस मायनसला दोन-तीन सेकंद लावा. मग एव्हीआर जोडून सुरू करा. बहुतेकदा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर एव्हीआर बदला, तो दोन-तीन स्क्रूंवर असतो. वायंडिंग जळलं असेल तर मोटारी भरणारा कोणीही रिवाइंडिंगवाला ते भरून देतो. ओलीचा संशय असल्यास एव्हीआर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायंडिंगमधून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) तपासून घ्या. १ मेगओहमच्या खाली आलं तर आधी वाळवा, मग चालवा.

इन्व्हर्टर जनरेटरला ब्रश नाहीत, स्लिप रिंग नाहीत, चुंबकत्व जाण्याची भानगड नाही. बिघडायला कमी जागा आहेत हे खरं. पण बोर्ड गेला तर तो राळेत बुडवलेला असतो. आतला एखादा भाग बदलणं जवळपास अशक्य, आख्खा बोर्डच बदलावा लागतो आणि तोही त्याच कंपनीचा. आधी लाल दिव्यावरून लगेच ‘बोर्ड गेला’ म्हणू नका. भार काढा, इंजिन बंद करून पुन्हा चालू करा, सॉकेट-प्लगमधली हिरवट गंज साफ करा.

सुट्या भागांबाबत कोकणाला एक फायदा आहे, जो शहरात नाही. आंबा बागायतदारांचे कितीतरी फवारणी पंप उघड्या जनरेटरच्या याच १६८एफ-१७०एफ घडणीच्या इंजिनांवर चालतात. त्यामुळे कॉइल, पिस्टनच्या रिंगा, गॅस्केट, दोरीचा रिकॉइल हे रत्नागिरी-देवगडकडच्या शेती अवजारांच्या दुकानांत विचारण्यासारखं असतं, आणि पंप दुरुस्त करणारा मिस्त्री स्पार्क प्लगची फट ०.७-०.८ मिमी, टॅपेटची (झडपांची) फट थंड इंजिनावर इनटेक ०.१५ आणि एक्झॉस्ट ०.२० मिमी हे न विचारता करतो. एक सावधगिरी: जनरेटरच्या क्रँकचा शाफ्ट निमुळता असतो, पंपाचा सरळ आणि चावीचा. पंपाचं आख्खं इंजिन आणून बसवता येत नाही.

खारा वारा आणि भार

समुद्राच्या दोन-चारशे मीटरच्या आत उघड्या यंत्राचा सायलेन्सर आणि फ्रेम आधी सडते. कवचाच्या, म्हणजे इन्व्हर्टर यंत्रात बाहेरून काही दिसत नाही, पण आत ओल कोंडते. ते ताडपत्रीत गुंडाळून ठेवणं सगळ्यात वाईट. वापरानंतर गोड्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, नटांवर आणि स्पार्क प्लगच्या आट्यांवर किंचित ग्रीस लावा. ब्रशच्या बाजूला कसलाही स्प्रे मारू नका.

भाराचं गणित मात्र निवड पालटवू शकतं. विहिरीवरचा १ एचपीचा सिंगल फेज पंप चालताना साधारण १ ते १.२ किलोवॅट घेतो, पण सुरू होताना करंट पाच-सहा पट ओढतो. ३ केव्हीएचं उघडं यंत्र क्षणभर गुदमरून तो उचलतं. २ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर ओव्हरलोड दाखवून वीज तोडतो. पंप किंवा मासळीचा डीप फ्रीझर असेल तर उघडं यंत्र घ्या. घर किंवा होमस्टेचे दिवे, पंखे, वायफाय, टीव्ही, एखादा फ्रीज एवढंच असेल आणि पाहुण्यांच्या झोपेची काळजी असेल, तर इन्व्हर्टरवाला, मात्र त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे याची खात्री करूनच. केरोसीनवर चालणारी जुनी यंत्रं कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या, रॉकेल आणणार कुठून?

कोणतंही घ्या, ते पडवीत किंवा खिडकीखाली चालवू नका. दारापासून किमान २० फूट लांब, धूर वाऱ्याबरोबर बाहेर जाईल असं ठेवा. घराच्या वायरिंगला जोडायचं तर चेंजओव्हर स्विच हवाच, म्हणजे एका वेळी लाइनची किंवा जनरेटरची अशी एकच वीज जोडणारा स्विच. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनपर्यंत तुमची वीज पोचते.

जुनं यंत्र बघायला जाल तेव्हा ते थंड असतानाच सुरू करायला सांगा, मालकाने आधीच तापवून ठेवलं असेल तर तेच एक उत्तर झालं. १ किलोवॅटचा रॉड आणि मल्टिमीटर सोबत न्या. उघड्या यंत्रात भार टाकल्यावर व्होल्टेज २२० ते २४० मध्ये राहतं का आणि हर्ट्झ ४९ च्या खाली जातं का ते बघा. इन्व्हर्टरमध्ये इको स्विच (कमी भारावर फेऱ्या उतरवणारा) चालू-बंद करून फेऱ्या लगेच बदलतात का ते बघा. बदलत नसतील तर स्टेपर मोटर किंवा बोर्ड यांपैकी एकाचा खर्च किमतीतून वजा करून बोला.