एक्स्टेन्शन ट्यूबचा संच : मॅक्रो लेन्सशिवाय जवळून छायाचित्रण

या संचात काच कुठेही नाही. १२, २० आणि ३६ मिलिमीटर लांबीच्या कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या तीन पोकळ नळ्या (ट्यूब), त्यांच्या दोन्ही टोकांना जोडणीसाठी धातूचे माउंट आणि कॅमेरा व लेन्स यांच्यातील विद्युत संदेश पुढे नेणाऱ्या पिना, एवढाच त्याचा ऐवज आहे. अशा रचनेचे संच अनेक उत्पादक बनवतात. माझ्याकडचा संच मी दोन वर्षे ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्ससोबत (एफचा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र लहान) नियमित वापरते आहे आणि बिया, वाळलेली पाने, शंख, घड्याळाची चक्रे, मेलेले भुंगे असे बरेच काही त्यातून टिपले आहे. ज्याच्याकडे ५० मिलिमीटरची लेन्स आहे आणि ज्याला हलणार नाहीत अशा वस्तू टिपायच्या आहेत, त्याने असा संच निःशंकपणे घ्यावा असे माझे मत आहे. ज्याचे मन फुलपाखरांत आणि चतुरांत गुंतले आहे, त्याने मात्र निर्णय घेण्यापूर्वी थोडे थांबावे.

लेन्सला जवळचे दिसत नाही याचे कारण तिच्या काचेत नसून तिच्या हालचालीच्या मर्यादेत आहे. वस्तू जितकी जवळ, तितकी लेन्स सेन्सरपासून पुढे सरकावी लागते, आणि साध्या लेन्सच्या नळकांड्यात पुढे सरकायला फार थोडी जागा ठेवलेली असते. ट्यूब तेवढी जागा वाढवून देते. यात कमीपणाचे काही नाही. निकॉनची जुनी ५५ मिलिमीटर एफ/३.५ मायक्रो-निक्कॉर ही खास जवळच्या कामासाठी बनवलेली लेन्सदेखील स्वतःच्या बळावर वस्तूच्या निम्म्या आकाराचीच प्रतिमा देत असे, आणि वस्तूइतकी प्रतिमा हवी असल्यास तिला २७.५ मिलिमीटरची ट्यूब जोडावी लागत असे.

हा फरक मी मोजपट्टी टिपून तपासला. माझी लेन्स सर्वांत जवळच्या फोकसला वस्तूच्या ०.१५ पट प्रतिमा देते, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या फुल-फ्रेम सेन्सरवर पट्टीचे सुमारे २४ सेंटिमीटर मावतात. १२ मिलिमीटरची ट्यूब लावताच ते सव्वानऊ सेंटिमीटरपर्यंत येतात, २० च्या ट्यूबने साडेसहा आणि ३६ च्या ट्यूबने चारच्या किंचित वर. तिन्ही एकत्र जोडल्या की चौकटीत जेमतेम २४ मिलिमीटर उरतात; वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराच्या दीडपट उमटते, आणि बहुतेक मॅक्रो, म्हणजे खास जवळच्या कामाच्या, लेन्स ज्या एकास एक प्रमाणावर (प्रतिमा वस्तूइतकीच) थांबतात त्याच्याही पुढे आपण गेलेलो असतो. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा एका चिमुकल्या बीवरचे खाचखळगे पडदाभर पसरलेले होते आणि मी बराच वेळ शटर दाबायचेच विसरले होते.

हे आकडे अवघड नाहीत. ट्यूबच्या लांबीला लेन्सच्या फोकल लेंग्थने, म्हणजे तिच्या नावातील मिलिमीटरच्या आकड्याने, भागावे आणि लेन्सचे स्वतःचे विशालन (प्रतिमा वस्तूच्या किती पट) त्यात मिळवावे. खरेदीचा निर्णय याच भागाकारावर व्हायला हवा, कारण तिन्ही ट्यूब मिळून होणारे ६८ मिलिमीटर ५० मिलिमीटरच्या लेन्सला १.३६ ची भर घालतात, तर २०० मिलिमीटरच्या टेलिफोटोला (दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सला) केवळ ०.३४ ची. टेलिफोटोवर हा संच लावून निराश झालेल्यांच्या तक्रारी मी ऐकल्या आहेत. दोष त्यांच्या संचात नव्हता, जोडी चुकली होती. उलट बाजूलाही मर्यादा आहे. २४ मिलिमीटरच्या वाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सला ३६ ची ट्यूब लावली, तर फोकस जिथे जुळायला हवा ती जागा लेन्सच्या पुढच्या काचेच्या आतच जाऊन पडते आणि काहीच स्पष्ट दिसत नाही. झूम लेन्स चालते, पण झूम फिरवताच फोकसही सुटतो, त्यामुळे तिचा मुख्य फायदा हातून जातो.

या विशालनाची किंमत प्रथम प्रकाशाने चुकवावी लागते. लेन्स सेन्सरपासून दूर गेली की तोच प्रकाश अधिक क्षेत्रावर पसरतो. एकास एक प्रमाणाला दोन स्टॉप प्रकाश कमी होतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे), आणि तिन्ही ट्यूब लावल्यावर अडीच स्टॉपांहून अधिक. म्हणजे कॅमेऱ्यावर एफ/८ लिहिलेले असले तरी काम प्रत्यक्षात एफ/२० चे चालते. कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर ही घट आपोआप हिशेबात घेते, परंतु शटर उघडे राहण्याचा वेळ लांबतो आणि हाताचा कंप वस्तूबरोबरच मोठा होऊन दिसू लागतो. म्हणून छिद्र आणखी लहान करण्याचा मोह आवरावा, असा माझा आग्रह आहे. एफ/१६ ला प्रत्यक्ष छिद्र एफ/४० इतके बारीक ठरते, विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) साऱ्या चित्रावर एक मऊपणा येतो आणि ज्या बारकाव्यासाठी एवढा खटाटोप केला तोच विरघळून जातो. मी एफ/५.६ ते एफ/८ च्या पलीकडे क्वचितच जाते.

त्यामुळे फोकसची खोली, म्हणजे वस्तूचा पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो, अतिशय तुटपुंजी राहते, हे मान्य करूनच बसावे लागते. दीडपट विशालनाला एफ/८ वर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. भुंग्याचा डोळा स्पष्ट असेल तर शिंगे धूसर, आणि शिंगे जुळवली तर डोळा गेला. संचातील पिनांमुळे ऑटोफोकस चालू राहतो, अशी जाहिरात असते आणि ती खोटी नाही; पण १२ च्या ट्यूबपलीकडे तो सतत पुढे-मागे शोधत राहतो आणि माझा वेळ घालवतो. फोकसची कडी एका जागी ठेवून संपूर्ण कॅमेराच केसाएवढा पुढे-मागे सरकवणे, हाच मला खात्रीचा मार्ग वाटतो. स्थिर वस्तूसाठी ट्रायपॉडवर सरकती पट्टी बसवून, दर वेळी थोडे पुढे सरकत वीस-पंचवीस छायाचित्रे घ्यावीत आणि संगणकावर त्यांचे स्पष्ट भाग एकत्र जोडावेत. एका शंखाच्या तोंडावरील वलये मी अशा एकतीस छायाचित्रांतून जुळवली होती. त्यात जवळजवळ पूर्ण संध्याकाळ गेली, आणि तरीही ते माझ्या आवडत्या चित्रांपैकी एक आहे.

पिनांचा खरा उपयोग ऑटोफोकसपेक्षा ॲपर्चरसाठी, म्हणजे लेन्सचे छिद्र लहान-मोठे करण्यासाठी, आहे, ही बाब खरेदी करताना विसरू नये. बहुतेक आधुनिक लेन्सवर ॲपर्चरची कडी नसते. बिनपिनांच्या साध्या ट्यूब लावल्या तर छिद्र कॅमेऱ्याच्या आज्ञेत राहत नाही आणि बऱ्याच लेन्स पूर्ण उघड्याच राहतात, म्हणजे आधीच तुटपुंजी असलेली खोली आणखी घटते. ज्याच्याकडे ॲपर्चरची कडी असलेली जुनी लेन्स आहे, त्याला मात्र साध्या ट्यूब पुरेशा आहेत.

बांधणीबद्दल मी पूर्ण समाधानी नाही. माझ्या संचातील ३६ च्या ट्यूबची आतली बाजू काळी असली तरी तिला चकाकी होती, आणि वस्तूच्या मागून प्रकाश येत असताना चित्राच्या मध्यभागी फिकट धुके उतरत असे. कित्येक दिवस मी लेन्सलाच दोष देत होते. शेवटी आत काळा मखमली कागद कापून बसवला तेव्हा काळा रंग पुन्हा काळा दिसू लागला. तिन्ही ट्यूब एकत्र जोडल्यावर सांध्यांत थोडी हालही जाणवते. ५० मिलिमीटरच्या हलक्या लेन्सला ती बाधत नाही, पण जड लेन्स त्यांच्या टोकाला लटकती ठेवायला मन धजत नाही. घेताना आतला भाग दिव्यासमोर धरून पाहावा, आणि तिन्ही जोडून हलकेच हलवून पाहावे.

बाहेर, जिवंत कीटकांपाशी, संचाची खरी परीक्षा होते आणि तिथे तो कमी पडतो. पूर्ण विशालनाला लेन्सचे तोंड वस्तूपासून पाच-सहा सेंटिमीटरवर येते. लेन्सची सावली पडते, फ्लॅशचा प्रकाश अडतो आणि मुंगीखेरीज बहुतेक कीटक तेवढ्या जवळ येऊ देत नाहीत. शिवाय ट्यूब लावली की दूरचे दिसणे संपते. १२ मिलिमीटरची सर्वांत आखूड ट्यूबसुद्धा माझ्या लेन्सला पाव मीटरच्या पलीकडचे काही स्पष्ट पाहू देत नाही. फूल टिपताना फांदीवर पक्षी येऊन बसला, तर तो केवळ डोळ्यांनी पाहायचा.

म्हणूनच कीटकांसाठी मी आता टेलिफोटोच्या पुढे दोन काचांची ॲक्रोमॅटिक (रंगांची झालर टाळणारी) क्लोज-अप लेन्स लावते. तिचा हिशेब ट्यूबच्या नेमका उलट आहे; मूळ लेन्सची फोकल लेंग्थ जितकी जास्त, तितके विशालन अधिक. चार डायॉप्टरच्या (डायॉप्टर हे अशा लेन्सच्या ताकदीचे माप) लेन्सची फोकल लेंग्थ २५० मिलिमीटर असते. २०० मिलिमीटरच्या टेलिफोटोचा फोकस अनंतावर ठेवून ती लावली की २०० भागिले २५०, म्हणजे ०.८ पट विशालन मिळते, आणि कीटकापासून अंतर पाव मीटर राहते. ट्यूबइतका प्रकाशही खर्च होत नाही आणि फिल्टरप्रमाणे ती क्षणात काढता येते. मात्र एकाच काचेच्या स्वस्त क्लोज-अप फिल्टरच्या वाटेला जाऊ नये. त्यांनी काढलेल्या चित्रांत पांढऱ्या पाकळीच्या कडेला जांभळी-हिरवी झालर उमटते आणि कोपरे पुसट होतात.

ट्यूबच्या जोडीला मी एक रिव्हर्स रिंगही ठेवली आहे, जी लेन्स उलटी करून कॅमेऱ्यावर बसवते. एसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) जुनी २८ मिलिमीटरची लेन्स उलटी लावली की दुपटीहून अधिक विशालन मिळते आणि त्या विशालनाला प्रतिमा आश्चर्य वाटावे इतकी रेखीव येते. अडचण एवढीच की लेन्सची मागची काच उघडी पडते आणि वस्तूपाशी वाकताना तिला परागकण, माती, दव असे सगळे लागू शकते. त्या लेन्सच्या मागच्या बाजूला मी ३६ ची ट्यूब छत्रीसारखी अडकवते. ट्यूबचे माउंट तिथे नीट बसते, काच झाकलेली राहते, आणि वस्तूला धक्का लागलाच तर तो आधी ट्यूबच्या कडेला लागतो. तरी त्या कडेमुळे वस्तू आणि काच यांच्यातील आधीच अपुरी जागा आणखी कमी होते, म्हणून पोकळ, खोलगट वस्तूंसाठी ती काढूनच ठेवावी लागते.