कान जोडायला दिला, रिसीव्हर भंगारात गेला

एआर धाटणीच्या रायफलच्या खालच्या रिसीव्हरला (ट्रिगरची यंत्रणा बसते ती ॲल्युमिनियमची चौकट) ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, धरणारे दोन छोटे कान असतात. माझ्या रायफलचा त्यातला एक तुटला. कसा, हे ज्यांनी तोडलाय त्यांना सांगायला नको: रिसीव्हर आडवा ठेवून गार्डची रोल पिन (पत्रा गुंडाळून केलेली, भोकात घट्ट बसणारी खीळ) ठोकताना खालच्या कानाखाली ठोकळा नसला की दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याला तो कट्कन जातो. कास्टिंग-फोर्जिंग काहीही असो, आधार नसला की जातोच.

आधी हिशेब. नव्या रिसीव्हरची किंमत १०० धरा. दुरुस्ती करणाऱ्याने जोडणीचे ६० आगाऊ घेतले, वर "ॲनोडायझिंग"चे (ॲल्युमिनियमवर विजेने चढवायचा कडक थर) म्हणून १५. नंतर कडकपणाची चाचणी करून घेतली तिचे ९. आणि शेवटी नवा घ्यायचाच आहे, म्हणजे १००. एकूण १८४. पंचवीस वाचवायला गेलो होतो.

मग नवाच का नाही घेतला, असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. नंबर ठोकलेला असतो तो याच भागावर. पट्टी, ग्रिप, स्टॉक बदलणं वेगळं. नंबर असलेला भाग बदलायचा म्हणजे कागदपत्रांच्या दृष्टीने नवं हत्यार. अर्ज, वाट पाहणं, जुन्याची विल्हेवाट. दुरुस्ती होत असेल तर ती करावी, हा विचार चुकीचा नव्हता. माणूस चुकीचा होता.

त्याने "टिगने जोडतो, ४०४३ ची सळई घालतो, परत टी-६ करतो, वर हार्ड ॲनोडाइझ" असं सगळं घडाघडा सांगितलं. टिग म्हणजे विजेच्या ठिणगीने केलेलं वेल्डिंग, ४०४३ म्हणजे सिलिकॉन असलेली ॲल्युमिनियमची सळई, टी-६ म्हणजे तापवून, विझवून पुन्हा कडक करणं. शब्द सगळे बरोबर. विचारलं मात्र नाही काही. हा ६०६१ आहे की ७०७५ (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे दोन ग्रेड), हा पहिला प्रश्न हवा होता. माझा ७०७५. ६०६१ ला टिग चालतं, उष्णतेने वेल्डच्या आजूबाजूची ताकद बरीच घटते एवढं धरून चालायचं. ७०७५ मध्ये साडेपाच टक्क्यांच्या आसपास जस्त आणि दीडेक टक्का तांबं असतं. थंड होता होता तो वेल्डच्या कडेने फाटतो, नाही फाटला तर पुढे ताणाखाली गंजून तडकतो. ७०७५ ला सरळ "होईल" म्हणणाऱ्याच्या दारातूनच परत फिरावं.

आता ती वेळ, जी आठवली की अजून कपाळ बडवावंसं वाटतं. भाग संध्याकाळी ५ वाजता दिला, दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता हातात. वीस तास. ७०७५ चं टी-६ म्हणजे साधारण ४७० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवणं, आणि मग १२० अंशांवर २४ तास भट्टीत. नुसत्या भट्टीलाच चोवीस! हे आकडे तोंडपाठ असताना समोरच्याला "वा, लवकर झालं" म्हटलं गेलं. पुढचं त्याहून वाईट. पिन बसवून बघितली तर ती अंगठ्याने आत गेली. रोल पिन कधी अंगठ्याने जाते का? भोक अंदाजाने मोठं पाडलेलं होतं. आणि काळा रंग कानापासून रिसीव्हरपर्यंत एकसारखा मॅट. ४०४३ मध्ये सिलिकॉन असतं, ॲनोडाइझ केल्यावर ती जागा वेगळ्या करड्या छटेची दिसणारच. डाग दिसत नाही याचा अर्थ वर स्प्रे पेंट आहे. वासही येत होता थिनरचा.

घरी ॲसिटोनचा बोळा फिरवला. काळं बोळ्यावर, खाली पांढुरकी रेघ. टाचणीने ओरखडा उठला. जस्ताची सळई: ३९० अंशांच्या आसपास वितळते, ब्लोटॉर्चने लावतात, टिगचा संबंध नाही. ट्रिगर गार्डवर जरा जोर दिल्यावर कान पुन्हा हातात आला.

खरा घात कानाचा नाही. तो तुटलेला तसाच ठेवता आला असता, एका कानावरही गार्ड राहतो, तिथे दाबाचा भार नसतो. पण १२० अंशांवर कडक केलेल्या धातूला टॉर्चने ३९० दाखवले, आणि ॲल्युमिनियम उष्णता पोलादापेक्षा अडीच-तीनपट वेगाने पसरवतं. ७०७५-टी६ चा कडकपणा ब्रिनेलवर (कडकपणा मोजायचं एक माप) १५० च्या घरात हवा. मागच्या, बफरकडच्या (धक्का सोसणारा भाग बसतो त्या) टोकाला १४८ भरला, कानाच्या मुळाशी ७१, ट्रिगर पिनच्या भोकापाशी ९६. म्हणजे रिसीव्हर गेला. पुन्हा विझवून कडक करायला जावं तर तो वाकतो, भोकं सरकतात.

तडा नुसता संशयाचा असेल तर पेनिट्रंट किट (तड्यात शिरणाऱ्या रंगाने तडा दाखवणारा संच) घ्या: साफ करा, लाल द्रव दहा-वीस मिनिटं, मग क्लीनर फडक्यावर मारून पुसा (थेट भागावर मारलात तर तड्यातलाही धुऊन निघतो), वर पांढरा डेव्हलपर, जो तड्यातला रंग वर ओढून घेतो. भोकाभोवती किंवा बफरच्या आट्यांजवळ लाल रेघ उमटली की दुरुस्तीचा विचार सोडा. स्वस्त गार्ड कधी कधी ॲल्युमिनियमचे नसतातच: कोरडं वजन ग्रॅममध्ये करा, पाण्यात बुडवून किती मिली हटलं ते बघा. वजनाला त्या मिलीने भागून २.७-२.८ आला तर ठीक, ६.६ आला तर जस्ताचं ओतकाम.

आणि पावतीवर धातूचा ग्रेड, सळई, उष्णोपचार लिहून घ्या. माझ्या पावतीवर "जॉबवर्क" एवढंच होतं. ग्राहक म्हणून तक्रार केली तर तिथले म्हणाले, यात कामाचं वर्णन नाही. पोलिसांनी आधी माझाच परवाना उलटसुलट पाहिला, दुरुस्ती करणाऱ्याचा पाहावासा कुणाला वाटला नाही. परवाना कार्यालय म्हणतं, दुरुस्ती बिघडली हा आमचा विषय नाही, नवा हवा तर जुना नंबर जमा करा. नंबर असलेला भाग पोलिसांकडे, पुरावा म्हणून. पोलीस म्हणतात, कार्यालयाचं पत्र आणा. कार्यालय म्हणतं, भाग आल्याशिवाय पत्र नाही. चार चकरा झाल्या. चौथ्या वेळी जप्तीची पावती मिळाली. तिच्यावर लिहिलंय: "लोखंडी तुकडा, १ नग."