१९७१ची कॉर्व्हेट: नारिंगी-हिरवी की करडी-सॅडल?

लाल रंगाची, काळ्या इंटिरिअरची कॉर्व्हेट (शेव्हरोलेची अमेरिकन स्पोर्ट्स कार) हवी असेल तर ती कुठेही मिळते, त्यासाठी सल्ला नको. मी अडकलो होतो ते १९७१च्या दोन चमत्कारिक जोड्यांत. एक, बाहेरून ओंटारिओ ऑरेंज, म्हणजे नारिंगी, आणि आत गडद हिरवा. दुसरी, बाहेरून स्टील सिटीज ग्रे, म्हणजे करडी, आणि आत सॅडल, म्हणजे खोगिराच्या चामड्यासारखा फिकट तपकिरी. दोन्ही सेंट लुइसच्या कारखान्यातच ठरलेल्या, मागाहून कुणी केलेल्या नव्हेत.

खरं तर करडीच आधी मनात भरते. त्या वर्षी चामड्याच्या सीट फक्त काळ्या आणि सॅडल रंगात मिळत. हिरवा हवा तर व्हिनाइलच, म्हणजे नकली चामडं. जुलैत हाफ पँट घालून हिरव्या सीटवर बसा, उठताना मांडी सोलून निघते. शिवाय करडीला कुणी काही विचारत नाही. नारिंगीला मात्र गॅस स्टेशनवर कुणीतरी हटकतोच, "सीट कुणी बदलल्या?" मग ड्रायव्हरचं दार उघडून बिजागऱ्यांच्या खांबावरची कारखान्याची पत्री दाखवायची, आतल्या रंगाचा आकडाही तिच्यावर असतो, बाहेरच्या रंगाचा ९८७. (करडीचा ९८८.) आपल्याकडच्या पाहुण्यांना मात्र ही जोडी कधीच खटकली नाही. झेंडूच्या तोरणात आंब्याची पानं असतातच की.

करडी एका मित्राची. तो परगावी असताना उन्हाळाभर माझ्याकडे होती, आणि तिथेच माझा निकाल लागला. डेट्रॉइटहून पॉन्टिअॅककडे जाणारा वुडवर्ड अॅव्हेन्यू वायव्येला जातो. उन्हाळ्यात संध्याकाळी ऊन थेट समोरून येतं, सॅडल डॅशबोर्डवर पडतं आणि अख्खा डॅशबोर्ड काचेत उमटतो. फिकट तपकिरी पडदाच म्हणा. डॅशवरच्या शिवणीसुद्धा समोरच्या गाडीच्या दिव्यांवर दिसायच्या. एकदा तर ब्रेक लागल्याचं उशिरा कळलं. पोलराइज्ड गॉगलने बराच फरक पडतो, पण तो विसरला की पंचाईत. डॅशवर काळं कापड अंथरलं की चकाकी जाते. पण मग सॅडल घेतलंत कशाला?

हिरव्याला हा त्रास अगदीच नाही असं नाही, पण गडद असल्यामुळे काचेत फारसं काही उमटत नाही. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी मी डोळे बारीक न करता जातो. कदाचित माझ्या उंचीमुळे मला हे जास्त जाणवत असेल. बुटक्या माणसाला सॅडल चालूनही जाईल.

हिरव्याची खोड वेगळी. नवा गालिचा, नवं डोअर पॅनल आणि पन्नास वर्षं उन्हात राहिलेला जुना डॅश, तिघांचे तीन हिरवे. मी शक्य तितकं जुनंच ठेवलं, एका सीटची शिवण उसवली आहे तीही तशीच आहे. चारचौघांत मिरवायला करडी जास्त शोभते, हे मी कबूल करतो. रोज संध्याकाळी चालवायची असेल तर मी पुन्हा नारिंगीच घेईन.

आणि करडी बघायला जाणारच असाल तर सकाळची वेळ घेऊ नका. संध्याकाळी जा, गाडी सूर्याकडे तोंड करून चालवा, आणि गॉगल खिशातच राहू द्या.