एए की पाठपुरावा? आधी सांगा, प्यायला कितीला बसता?

दारू सोडायची म्हणून कुणी चौकशी करतं तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘एए बरं की मुक्तांगणचा पाठपुरावा?’ एए म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच आपसात भरवलेल्या मीटिंग, आणि पाठपुरावा म्हणजे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार झाल्यावर पुढे चालू राहणारी मदत. मी उलट विचारतो, प्यायला कितीला बसता? रोज साडेसातला बसत असाल, तर रविवारी सकाळी अकराची मीटिंग कितीही चांगली असली तरी तुमची खरी अडचण ती सोडवत नाही. साडेसातला तुम्ही कुठे असणार, ते आधी ठरवा.

मी पहिली मीटिंग निवडली ती लांबची होती म्हणून. ओळखीचं कुणी दिसायला नको होतं. दोन बस बदलून जायचो. तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि मी मधल्याच स्टॉपवर उतरून बारमध्ये शिरलो. शेवटी घराजवळच्या शाळेत भरणाऱ्या मीटिंगला गेलो, तर समोर आमच्याच सोसायटीतले एक काका! ‘या,’ एवढंच म्हणाले आणि चहा पुढे केला. आजही जिन्यात भेटले की आम्ही पाणीकपातीवरच बोलतो. म्हणून लांबची आणि जवळची यांत मी डोळे मिटून जवळची सांगतो.

आता एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांच्या आधाराने थांबले, तिथून हे सुरू झालं. फी नाही, फॉर्म नाही. पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. डबा फिरतो, जमेल ते टाकायचं, नाही टाकलं तरी कुणी बघत नाही. समोर बसलेला माणूस एकेकाळी तुमच्यासारखाच पिणारा असतो, समुपदेशक नसतो. हेच एएचं बळ आणि हीच मर्यादाही. तुम्ही आठ दिवस फिरकला नाहीत तर विचारणारा असलाच तर तुमचा स्पॉन्सर, म्हणजे तुम्हाला हात देणारा ग्रुपमधलाच जुना माणूस, आणि तो तुम्हीच धरायचा असतो.

मीटिंग दोन प्रकारच्या असतात. ओपनला बायको, भाऊ, मित्र, कुणीही सोबत येऊ शकतं. क्लोज्डला फक्त ज्याला दारू सोडायची आहे तो. आपल्याला नेमका हा प्रॉब्लेम आहे का, अशी शंका असेल तर ओपनला मागे बसून ऐका. पण बायकोला मारलेल्या थापा, पीएफचे उडवलेले पैसे हे सगळं तोंडातून बाहेर पडायला क्लोज्डच लागते. माझ्या तरी पडलं ते तिथेच.

देवाचं काय, हे बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. एएचा मार्ग ज्या बारा पायऱ्यांचा आहे, त्यांत ‘आपल्यापेक्षा मोठी शक्ती’ येते, शेवटी प्रार्थनाही होते. आमच्या ग्रुपमधला एक कट्टर नास्तिक प्रार्थनेला गप्प उभा राहतो, आणि त्याच्याइतका नियमित दुसरा कुणी नाही. तरीही हे घशाखाली उतरतच नसेल तर स्मार्ट रिकव्हरी आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली, विचार आणि सवयी तपासण्यावर भर देणारी, देवाशिवायची पद्धत. तिच्या बहुतेक ऑनलाइन बैठका इंग्रजीत असतात. शिवी आणि रडू ज्या भाषेत येतं त्या भाषेत बोलायचं असेल, तर ती कमी पडते. निव्वळ पुराव्याचं म्हणाल, तर वैद्यकीय संशोधन पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास एकत्र तपासले गेले; पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एएकडे वळवणारे उपचार इतर मानसोपचारांच्या तोडीस तोड किंवा थोडे सरसच निघाले.

मुक्तांगणची गोष्ट वेगळी. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या या केंद्राचा पाठपुरावा प्रामुख्याने तिथे उपचार घेतलेल्यांसाठी. तुमची केस माहीत असलेला समुपदेशक समोर असतो आणि घरचेही यात ओढले जातात. दाखल होऊन आला असाल, तर पाठपुरावा सोडून फक्त एए धरू नका. शक्य असेल तर दोन्ही करा, एकाने दुसऱ्याला आडकाठी होत नाही. दाखल झालाच नसाल, तर एएचं दार आज संध्याकाळीच उघडं आहे.

ऑनलाइन मीटिंग लॉकडाऊनपासून रुळल्या. रात्रपाळीवाला, तालुक्याच्या गावी राहणारा, न्यू जर्सीत बसून मराठी शोधणारा, यांना त्या वरदानच. पण कॅमेरा बंद करून ग्लास हातात घेऊन ‘हजेरी’ लावता येते. हे मला कसं माहीत, ते विचारू नका.

घरच्यांनी मात्र तुमच्या मीटिंगवर विसंबू नये. त्यांच्यासाठी अल-ॲनॉन आहे, मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ आहे. तुम्ही गेला नाहीत तरी त्यांनी जावं.

आणि एक गोष्ट मीटिंगच्याही आधीची. सकाळी उठल्या उठल्या हात थरथरत असतील, पूर्वी कधी फिट आली असेल, तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टर गाठा. अचानक थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे कुठलाच ग्रुप पुरा पडत नाही. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.

पहिल्या दिवशी पाच मिनिटं आधी पोचा, म्हणजे सगळे बसलेले असताना आत शिरावं लागणार नाही. नाव विचारलं तर फक्त पहिलं सांगा. बोलायची वेळ आली आणि जीभ उचलली नाही, तर ‘आज मी ऐकतो’ म्हणा, पुढचा माणूस सुरू होतो.