गियरची बाईक क्लास लावून शिकले, आठ महिन्यांनी लिहितेय

आधी निकाल सांगते. पैसे वसूल झाले, पण शिकवणी अर्धीच झाली.

मी ॲक्टिव्हावाली. चाळिशीत गियरची गाडी शिकायची ठरवली, तेव्हा घरातल्या प्रत्येकाचं मत एकच: "त्याला क्लास कशाला, मैदानावर दोन चकरा मारल्या की येते." पुण्यात आता बायकांसाठी असे क्लास आहेत. मी लावला तो सकाळच्या बॅचचा, दहा दिवसांचा. गाडी त्यांची जुनी स्प्लेंडर, शिकवायला बाई.

सुरुवातीला बाईंनी ॲक्सिलरेटरला हातच लावू दिला नाही. पहिला गियर टाकायचा आणि क्लच इतका सावकाश सोडायचा की गाडी आपली आपण सरकली पाहिजे. स्प्लेंडर खरंच सरकते, रेस न देता. क्लच सुटता सुटता गाडी नेमकी कुठे ओढायला लागते ती जागा बोटांना पाठ झाली, की बंद पडण्याची भीती जाते. मग त्याच हाफ क्लचवर, मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवून, चालत्या माणसाच्या वेगाने गाडी वळवायची. नजर चाकाकडे नाही, जिथे जायचंय तिकडे. आरटीओच्या परीक्षेत पाय न टेकता आठ काढावा लागतो तो यातूनच येतो, पण खरा फायदा नंतर कळला. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत, किंवा कात्रजच्या जुन्या घाटात एसटीच्या मागे चढावर थांबून पुन्हा निघताना, उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर, क्लच ओढायला लागला की ब्रेक सोडायचा. हे मैदानावरच्या दोन चकरांत कुणीही शिकवलं नसतं. माझे पाय पूर्ण टेकत नाहीत, तरी अडलं नाही.

आता न शिकवलेलं. बाईंचा नियम होता, पुढच्या म्हणजे उजव्या हाताच्या ब्रेकला हात लावायचा नाही, गाडी उलटते. हे ऐकून मी मान डोलावली, कारण स्कूटरवरही मी तो कधी वापरलाच नव्हता. माझ्या ॲक्टिव्हाला कॉम्बी ब्रेक आहे, डावा दाबला की पुढचाही थोडा आपोआप लागतो. बाईकवर डाव्या हाताला क्लच असतो. घाबरून सवयीने डावी मूठ आवळली, तर ब्रेक तर लागत नाहीच, उलट इंजिनचा अटकावही सुटतो आणि गाडी मोकळी पळते. स्कूटरवरून आलेल्या प्रत्येकीला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

शिवाय ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे गाडी थांबवायचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा एकटा जोरात दाबला तर चाक जागीच अडकून घसरतं. मी घेतलेली गाडी दीडशे सीसीची आहे, पुढे डिस्क ब्रेक आणि एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय. 2019 च्या एप्रिलपासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. म्हणजे सरकारने माझ्या पुढच्या चाकाची काळजी घेतली, आणि क्लासने मला त्याला शिवू दिलं नाही! शेवटी रविवारी सकाळी भोसरी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर मीच सराव केला. हँडल सरळ, वीसच्या वेगापासून सुरुवात, झटका न देता दाब वाढवत न्यायचा, पाय सोबतीला. काही रविवारांत हाताला विश्वास आला. पण क्लासच्या नजरेखाली झालं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

गियरचाही एक घोळ आहे. स्प्लेंडरला सगळे गियर पुढे, खाली दाबून पडतात. माझ्या गाडीला एक खाली, बाकीचे वर. शिकलेला पाय खाली जातो आणि तिसऱ्याऐवजी पहिला पडून इंजिन किंचाळतं. नवी गाडी कुठली घेणार ते आधी ठरलं असेल तर क्लासला तशीच गाडी आहे का विचारा.

पावसाळा मी एकटीनेच काढला, बॅच मार्चमधली होती. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पंपाबाहेर सांडलेलं डिझेल, यावर ना ब्रेक ना वळण.

लायसन्ससाठी क्लास वेगळे पैसे मागतो. ते मी दिले नाहीत. माझं जुनं लायसन्स बिनगियरचं होतं, म्हणून आधी लर्निंग काढावं लागलं. परिवहन खात्याच्या सारथी साइटवर अर्ज घरबसल्या भरता येतो. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या परीक्षेला त्याला तीस दिवस व्हावे लागतात, तेवढं बघून क्लासची तारीख धरा.

भाचीला आता शिकायचंय. तिला तोच क्लास सांगितला, क्लचसाठी तशा बाई पुन्हा मिळायच्या नाहीत. फक्त शेवटचे दोन दिवस पुढच्या ब्रेकसाठी मागून घे म्हटलं. बाई तयार झाल्यात, डिस्कवाली गाडी मात्र आमची न्यायची आहे.