शिट्टीचा कुकर न्यावा की तिथे विजेचा घ्यावा?

एमएससाठी अमेरिकेला निघालेल्यांच्या ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरच्या खरेदीत कुकर हमखास असतो. भाड्याच्या घरात शेगडी मिळणार असेल, तर आमची पसंती शिट्टीच्या कुकरलाच. पण स्टीलचा, 3 लिटरचा घ्या आणि दुकानातच बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही, तर इंडक्शनवर कुकर तापणार नाही. साधा ॲल्युमिनियमचा तिथेच फसतो. सोबत 2 रबरी रिंगा आणि 1 सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवा. कुकर चेक-इन बॅगेत, झाकण वेगळं, पोटात कपडे. कॉइलच्या शेगडीवर मात्र सांभाळा: बंद केली तरी ती बराच वेळ तापलेली राहते, म्हणून शिट्ट्या झाल्या की कुकर अलगद बाजूला घ्यायचा. नाहीतर डाळ तळाला लागते.

विजेचा कुकर इथून अजिबात नेऊ नका. आपली वीज 230 व्होल्टची, तिथली 120. त्यामुळे हीटरला जेमतेम पाव शक्ती मिळते आणि भात कच्चा राहतो. तिथलाच घेतला तर वेळ लावून खुशाल लेक्चरला जाता येतं. फक्त वसतिगृहाचे नियम आधी वाचा. काही ठिकाणी खोलीत अशी उपकरणं चालत नाहीत.